तार निघाली, सिमेंट राहिलं

आमच्या अकोटात पूर्वी दातांवरून घराणं ओळखू यायचं. सुळा शेजारच्या दाताच्या खांद्यावर चढलेला दिसला की हा अमक्या वाड्यातला. पुढच्या दोन दातांतून सुपारी आरपार जाईल एवढी फट दिसली की हा तमक्यांचा जावई नव्हे, मुलगाच. सोयरीक जुळवणाऱ्याला वंशावळ विचारावी लागत नसे. पोराला एकदा हसवलं की झालं. ही सोय हल्ली पार बुडाली. आठवी-नववीतल्या पोरापोरींच्या तोंडात तार चढते, दोन वर्षांनी उतरते, आणि मग लग्नाच्या पंगतीत ओळीनं बसलेली पंधरा तोंडं हसली तरी कोण कोणाचं ते कळत नाही.

तार लावण्याबद्दल अकोटात प्रत्येकाला सगळं माहीत आहे. खर्च किती येतो, हप्ते पाडून मिळतात का, पहिले चार दिवस वरण-भात कसा कुस्करून खायचा, हुरड्याच्या दिवसांत पोरीला शेतात न्यावं की नाही. काढण्याबद्दल मात्र कोणीच काही बोलत नाही. काढणं म्हणजे काय, काढणं! लावायला डिग्री लागते, काढायला पक्कड पुरते, अशी सर्वसाधारण समजूत. आमच्या घरातही पुतणीची तार निघायचा दिवस उजाडेपर्यंत हीच समजूत नांदत होती.

हे काम अकोल्याला चाललं होतं. अकोट ते अकोला अंतर ४५ किलोमीटरच्या आसपास, पण महिन्याच्या महिन्याला तार कसून घ्यायला जायचं म्हटलं की त्याची यात्रा होते. त्यातून २०२२ साल. गांधीग्रामचा पूर्णेवरचा इंग्रजांच्या वेळचा पूल तडा गेल्यामुळे बंद झाला आणि गाड्या वळसा घालू लागल्या. रेल्वेची मीटरगेज लाइन २०१७ च्या सुरुवातीलाच थांबली होती. रुंदीकरण होऊन अकोला-अकोट ब्रॉडगेज गाडी धावली ती २०२२ च्या नोव्हेंबरात. आमच्या आबाजींनी रुळांच्या आणि दातांच्या कामाची सांगड घालून टाकली. मीटरगेजमधली फट १,००० मिलिमीटर, ब्रॉडगेजमधली १,६७६. "रुळाची फट वाढवाले पाच वर्सं लागले," ते गाडीत समोरच्या अनोळखी माणसाला सांगायचे, "अन् हिच्या दाताची फट बुजवाले दोन. म्हंजे फट वाढवनं अवघड, बुजवनं सोपं. लेहून घे." समोरच्या माणसानं कधी काही लिहून घेतलं नाही, पण पुतणीनं तोंड मिटून खिडकीबाहेर पाहायला मात्र त्या गाडीतच सुरुवात केली.

तार काढायच्या दिवशी वहिनींनी पेढे सोबत घेतले होते. डॉक्टरीणबाईंनी पक्कड घेतली, एकेका ब्रॅकेटला दोन्ही बाजूंनी चिमटा काढला, टक असा आवाज होऊन तो सुटला. थोड्या वेळात सगळे ब्रॅकेट तारेला लटकलेले, माळ ट्रेमध्ये. वहिनी उठल्या, पदर सावरला, पेढ्यांच्या डब्याची दोरी सोडू लागल्या. पुतणीनं दातांवरून जीभ फिरवली आणि तिचा चेहरा पडला.

"आई, खरखर लागते. तसंच हाय सगळं."

वहिनींनी वाकून पाहिलं. प्रत्येक दातावर मधोमध एक चौकोनी डाग, खरबरीत, बारीक जाळीची छाप उठलेला. "मॅडम," त्या शक्य तितक्या नरमाईनं म्हणाल्या, "तुमचं सिमेंट मांगंच राहून गेलं न."

"चांगलं झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बसा. काम तर आता सुरू होईल."

चिकटवलेली वस्तू काढताना लुकण मागे राहिलं यात चांगलं काय झालं, हे वहिनींना कळेना. मलाही तेव्हा कळलं नव्हतं. हिशोब असा. ब्रॅकेट, मधे सिमेंट आणि खाली दाताचं कवच, म्हणजे इनॅमल, असे तीन थर. ओढाताण झाली की जोड कुठंतरी सुटणारच. तो ब्रॅकेट आणि सिमेंट यांच्यामध्ये सुटला तर बरं. सिमेंट आणि दात यांच्यामध्ये सुटला तर वरून दिसायला एकदम स्वच्छ, पण जाताना सिमेंट दाताचा एखादा कपचा सोबत घेऊन जाण्याची भीती. म्हणून घाण मागे राहणं हे शुभलक्षण. आर्टुन आणि बर्गलँड या दोघांनी १९८४ साली याचं मोजमापच ठरवून दिलं. दातावर काहीच उरलं नाही तर ०, निम्म्यापेक्षा कमी उरलं तर १, निम्म्यापेक्षा जास्त तर २, आणि सगळंच्या सगळं उरून त्यावर ब्रॅकेटच्या जाळीचा ठसाही स्पष्ट उमटलेला असेल तर ३. हे काही परीक्षेचे गुण नव्हेत, नुसती नोंद. तरी पुतणीच्या बऱ्याच दातांना तीनपैकी तीन पडले हे ऐकून वहिनी जरा सैलावल्या. गणितात पोरीची कधी एवढी टक्केवारी आली नव्हती.

दाताच्या कवचाची एवढी काळजी का, तर ते गेलं की गेलं. अंगातलं सगळ्यात टणक द्रव्य ते, वजनानं जवळजवळ ९६ टक्के खनिज. पण हाड मोडलं तर जुळतं, कातडी सोलली तर भरते, नख तुटलं तर पुन्हा वाढतं. हे कवच मात्र एकदाच मिळतं. ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर डोकावेपर्यंतच नोकरीवर असतात. दात वर आला की सेवानिवृत्त, आणि पुन्हा भरती नाही. आमच्याकडच्या कितीतरी रिकाम्या पदांची हीच कथा आहे, पण ते असो.

"मंग इतकं घट्ट चिपकवता काहून?" आबाजींनी विचारलं. ते बाहेर बसायला तयार नव्हते.

प्रश्न रास्त होता. याचं मूळ १९५५ सालात आहे. अमेरिकेत रॉचेस्टर इथं मायकल बुओनोकोर नावाचे दंतवैद्य होते. धातूच्या पत्र्याला रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांमध्ये आधी फॉस्फोरिक अ‍ॅसिड फिरवतात, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तेच दाताला लावून पाहिलं. ८५ टक्के तीव्रतेचं, अर्धा मिनिट. दाताची चकाकी गेली, पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारी असंख्य भोकं पडली आणि पातळ रेझिन त्या भोकांत शिरून आतल्या आत कडक झालं. उपटू म्हटलं तर निघेना. १९६५ साली न्यूमन यांनी याच पद्धतीनं ब्रॅकेट थेट दाताला चिकटवण्याची वाट दाखवली. त्याआधी प्रत्येक दाताला धातूचं कडं घालावं लागे, म्हणजे हसलं की तोंडात भांड्यांचं दुकान. आता अ‍ॅसिड ३७ टक्क्यांच्या आसपासचं असतं आणि पाव-अर्ध्या मिनिटात धुऊन टाकतात. आणि ज्याला आपण बिनधास्त सिमेंट म्हणतो त्यात सिमेंट औषधालाही नाही. ते रेझिन, निळा दिवा दाखवला की घट्ट होणारं.

हे सगळं डॉक्टरीणबाईंनी सोपं करून सांगितलं, पण घरच्यांच्या कानांनी त्यातून फक्त एकेक शब्द उचलला. वहिनींनी अ‍ॅसिड उचललं. "आम्ही पोरीले दोन वर्सं कोल्ड्रिंक पिऊ देल्लं नाही, का त्यात अ‍ॅसिड असते म्हून. अन् तुम्ही ब्रशनं लावलं?" आता कोलाच्या बाटलीतही फॉस्फोरिक अ‍ॅसिडच असतं, त्यामुळे या युक्तिवादाला उत्तर देणं सोपं नव्हतं. आबाजींनी फॉस्फरस उचलला. डीएपी खत याच अ‍ॅसिडापासून होतं ही माहिती त्यांना कृषी केंद्राच्या पायरीवर कधीतरी मिळालेली. "पेरनीच्या टायमाले आमाले एक थैला भेटत नाही," ते म्हणाले, "अन् इथं दातायले देऊ रायले!"

मग प्रत्यक्ष सिमेंट काढणं सुरू झालं. कार्बाइडचं एक बारीक टोक असतं, त्याला बर म्हणतात. त्याच्या अंगावर उभी पाती असतात, बहुधा बारा. शेवटचा हात फिरवायचा तर तीसही. हे टोक गरगर फिरवत दातावरून इतक्या हलक्या हातानं न्यायचं की मऊ रेझिन तासलं जावं आणि खालच्या कवचाला त्याची जेमतेम वर्दी लागावी. तरीही मिलिमीटरचा काही शतांश भाग जातोच. तो कमीत कमी जावा यातच सगळं कसब. वहिनींनी मध्येच सुचवलं, "मॅडम, हिऱ्याचं टोक असंन तं तेच लावा. पैशाचं पाहू." हिऱ्याचं टोक दवाखान्यात होतंच, दात कोरायला लागतं. पण या कामाला ते चालत नाही. कठीणपणाच्या पट्टीवर हिरा १० आणि दाताचं कवच ५. सिमेंट कुठं संपलं आणि पोरगी कुठं सुरू झाली याची हिऱ्याला पर्वा नसते, तो ओरखडे काढत सुटतो. जास्त पैसे देऊन वाईट वस्तू मिळते, हे ऐकून वहिनींचा अर्थशास्त्रावरचा विश्वास उडाला.

खरं तर अकोटच्या माणसाला हे समजायला वेळ लागू नये. आमची पिढ्यान्‌पिढ्यांची रोजी याच कोड्यावर चालली आहे: चिकटलेलं सोडवायचं, पण ज्याला ते चिकटलंय त्याला दुखवायचं नाही. कापसातून सरकी काढायची ती अशी. १७९३ साली अमेरिकेत एली व्हिटनीनं दातेरी जिन काढलं. त्याचे दाते कापसाला ओरबाडून नेतात. काम झपाट्यानं उरकतं, पण लांब धाग्याची दशा होते. आमच्याकडे जिनिंगमध्ये दुहेरी रोलर फिरतात. चामड्याच्या तोंडाचे रोलर कापूस अलगद ओढून घेतात, सरकी आडव्या सुरीशी अडते आणि टपकन खाली पडते. रुई शाबूत, सरकी शाबूत, फक्त वेळ लागतो. डॉक्टरीणबाईंचं टोक दातेरी असलं तरी त्यांचा हात रोलरचा होता. हे मी त्यांना सांगितलं. मास्कमुळे त्यांना ते कितपत आवडलं कळलं नाही.

यातली खरी अडचण वेगळीच आहे. हे रेझिन दाताच्या रंगाचं असतं. तार असताना दिसू नये म्हणून मुद्दाम तसं केलेलं, आणि आता काढताना तेच नडतं. थुंकीनं ओलं असलं की दात कुठला आणि रेझिन कुठलं, ब्रह्मदेवाला कळायचं नाही. म्हणून दर दोन मिनिटांनी हवेचा फवारा मारायचा. कोरडं झालं की दात चमकतो आणि रेझिन निस्तेज, खडूसारखं पांढुरकं दिसतं. काही रेझिन जांभळ्या अतिनील दिव्याखाली उजळतात, तसे दिवेही निघालेत. पाणी न वापरता घासलं तर नीट दिसतं, पण दात तापतो. आत जिवंत नस आहे. झॅक आणि कोहेन यांनी १९६५ साली माकडांच्या दातांवर पाहिलं होतं, की नसेचं तापमान साडेपाच अंशांनी वाढलं तरी काही दात कायमचे कामातून जातात. म्हणून टेकवायचं, उचलायचं, फुंकायचं, पाणी मारायचं, पुन्हा टेकवायचं. "साडेपाच डिग्रीत मरते?" आबाजींना नसेची कीव आली. मे महिन्यात पारा पंचेचाळीस ओलांडतो त्या अकोल्यात बसून त्यांना ते फार नाजूक वाटलं.

वरची ओळ झाली आणि लाइन गेली. दवाखान्याचा कॉम्प्रेसर बसला तो बसला. खालचे दात पुढच्या आठवड्यावर गेले. पेढे मात्र परत नेणं बरं दिसेना, ते निम्म्या कामाचे म्हणून वाटले.

तो आठवडा आमच्या गल्लीनं हातात घेतला. अर्धवट काम ही लोकांना सहन न होणारी गोष्ट आहे; पूर्ण बिघडलेलं काम ते सोडून देतात. शेजारच्या काकूंनी खोबरेल तेल आणलं, कारण नव्या डब्यावरचं स्टिकर त्यानंच निघतं. त्यांच्या यजमानांचा राकेलवर विश्वास; राकेल आता मिळत नाही हे आठवल्यावर ते खिन्न झाले आणि एका तरुण भाच्यानं पेट्रोल चालेल का विचारलं. गॅरेजवाला थिनर देतो म्हणाला, फुकट. कोणी नेलकटर सुचवलं, कोणी सेफ्टी पिन. अकोट-अंजनगावकडे पानपिंपळी पिकते, त्यामुळे आमच्या भागात दुखणं कोणतंही असो, एक तरी माणूस पानपिंपळीचं चूर्ण सांगतोच, तोही आला. आबाजींचा उपाय बाभळीची काडी. "रोज घास, निंगून जाईन," ते म्हणाले, "माह्या दातावर आयुष्यात कधी शिमिट रायलं का?" आबाजींच्या तोंडात मुळात दातच राहिले नव्हते, पण हे म्हणायची कोणाची टाप नव्हती.

पोरीनं यातलं काही केलं नाही. तिनं फक्त दोन वर्षांचा उपास फेडला. शेंगदाणे, पेरू, मुरमुऱ्याचा चिवडा, रोडगे, आणि तीनदा पातोडीचा रस्सा. हळद आणि तिखट यांचं खरबरीत रेझिनशी चटकन जमतं. गुळगुळीत दातावरून रंग निसटून जातो, रेझिनमध्ये तो घर करतो. ज्यांच्या दातावर असा एखादा तुकडा चुकून राहून जातो त्यांचं बिंग पुढं चहाच फोडतो. आणि आमच्याकडे खर्रा खाणाऱ्यांच्या दातावर तो राहिला तर त्याचा जो रंग होतो त्याला साडीच्या दुकानातही नाव सापडणार नाही. आठवड्याअखेर पुतणीच्या खालच्या दातांवर ओळीनं पिवळे चौकोन उमटले. वहिनी हादरल्या. सगळ्या वाटेत त्यांनी डॉक्टरीणबाईंना काय सांगायचं याची तालीम केली, रस्सा तीनदाऐवजी एकदाच केला असं सांगायचंही ठरलं.

डॉक्टरीणबाईंनी दिवा ओढला, पाहिलं आणि खूश झाल्या. "अरे वा! आता कुठं किती आहे ते छान दिसतंय. काय खाल्लं होतं?"

दंतशास्त्राला पातोडीची ही मदत अजून कुठल्या पुस्तकात नोंदली गेलेली नाही. वहिनींनी मात्र तिथंच कृती सांगायला सुरुवात केली, बेसन किती, खसखस भाजून की कच्ची, आणि बर गरगरत असताना डॉक्टरीणबाई हं हं करत राहिल्या.

शेवटी पॉलिश. बारीक चकत्या फिरवून झाल्यावर प्यूमिसची पूड रबराच्या वाटीनं दातावर घासतात. प्यूमिस म्हणजे ज्वालामुखीचा फेस, थिजून दगड झालेला. वहिनींनी डबी हातात घेऊन विचारलं, हा तोच का, टाचा घासायचा? तोच, दळलेला. त्या गप्प बसल्या. अ‍ॅसिड झालं, खत झालं, कारखान्यातला रंग झाला, आता टाचेचा दगड; यापुढं आश्चर्य वाटून घ्यायचं त्यांनी सोडून दिलं होतं. काही दातांवर ब्रॅकेट होता त्या जागेच्या कडेनं पांढुरके डाग निघाले. ते सिमेंट नव्हे, दोन वर्षं ब्रश नीट न फिरवल्याचा हिशोब, आणि तो कोणत्याही टोकानं तासून जात नाही. पुतणीनं आबाजींकडे पाहिलं. आबाजी ब्रशबद्दल काही बोलण्याच्या स्थितीत नव्हते.

आरसा दिला तेव्हा तिनं जीभ फिरवली, पुन्हा फिरवली, हसली आणि म्हणाली, "काका, घसरते!" एवढंच. दोन वर्षं जीभ ज्या कुंपणाला धडकत होती ते गेलं होतं, आणि ती बिचारी मोकाट सुटून दिवसभर आतल्या आत फेऱ्या मारत होती. परतीच्या गाडीत पोरीनं हसून हसून डब्यातल्या लोकांना कोड्यात टाकलं. घराण्याचा दात काही कुणाला दिसला नाही.

सगळं संपलं असं वाटत होतं, तर डॉक्टरीणबाईंनी हातात डबी ठेवली होती. रिटेनर. तारेची नि गुलाबी अ‍ॅक्रिलिकची ही चकती, हॉली या दंतवैद्यांनी १९१९ च्या सुमारास काढलेली, अजून तशीच चालते. हलवलेल्या दातांना जुन्या जागेची ओढ असते. ते रात्री-बेरात्री हळूच माघारी निघतात. म्हणून पुढं कित्येक वर्षं ही चकती घालायची, आणि जेवताना काढली तर रुमालात गुंडाळून ठेवायची नाही, कारण जगातली बहुतेक रिटेनर पत्रावळीबरोबर उकिरड्यावर जातात. आमच्याकडे त्यासाठी स्वयंपाकघराच्या फळीवर स्टीलची वाटी ठरली. त्या फळीवर आधीपासून एक वाटी होती, आबाजींच्या कवळीची. दोन्ही वाट्या एकाच सेटमधल्या, वहिनींच्या माहेरच्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी आबाजींचा आवाज आला, बोबडा आणि भयंकर.

"कोन्या ठेवलं वं हे माह्या वाटीत? तोंडात बसू नाई रायलं!"

स्वयंपाकघरातून पुतणीची किंकाळी आली. तिनं दुसरी वाटी उघडली होती.